खिंडीतल्या बाईची मांडी

आमचा मुलगा रोहन भूतानला एका शाळेत शिकवायला गेला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन पावसाळ्यात, एका उंच खिंडीतला रस्ता खचला आणि त्याची बस दरीत गेली. इंग्लंडमध्ये, वॉटफर्डच्या घरी, आमच्या हाती फक्त अस्थी आल्या. त्यानंतर माझी बुद्धवंदना सुटली. हॉस्पिटलच्या वॉर्डात काम करतानाही एकच विचार डोकं खायचा, शेवटी तो एकटाच तडफडत होता का?

"तिथे जाऊन काय मिळणार आहे तुला?" हे म्हणाले.

"काही नाही. पण मला जायचंय."

वर्षभराने आम्ही दोघं निघालो. रस्ता भयंकर होता. एका अंगाला पाझरणारा कडा, दुसऱ्या अंगाला नुसतं धुकं. मी डोळे मिटून बसले होते. अपघाताची जागा अजून वर होती, पण खिंडीजवळ दरड कोसळली होती आणि जीप थांबली. थंडीने मला धाप लागली. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या एका नेपाळी बाईने ते पाहिलं आणि हाताला धरून मला आपल्या पत्र्याच्या खोपटात नेलं. चहा देताना तिने मोडक्या हिंदीत विचारलं, इतक्या लांबून कशाला आलात? मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"त्या दिवशी आम्ही दोर लावून खाली उतरलो होतो," ती म्हणाली. "चष्मा लावलेला एक मुलगा जिवंत होता. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. सारखा 'आई, आई' म्हणत होता. आमच्यात आमा म्हणतात, पण मला कळलं. मी म्हटलं, हो, इथेच आहे. मग शांत झाला. फार वेळ नाही गेला."

रोहन मला मम म्हणायचा. ताप चढला की मात्र आई.

तो रोहनच होता, हे मी कोणाला पटवायला जात नाही. बसमध्ये चष्म्याचा दुसराही कुणी असेल. मी त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचे भेगाळलेले हात माझ्या केसांवरून फिरत राहिले. हे दाराशी उभे होते, ते पहिल्यांदाच मोठ्याने रडले.

दरड काही निघाली नाही. ती जागा न बघताच आम्ही परतलो. तिचं नाव विचारायचंही राहून गेलं.

दुःख आहे तिथेच आहे. माझ्या हातात काहीच नव्हतं, तरी माझ्या लेकराला मांडी मिळाली. मी पुन्हा वंदनेला हात जोडते. आणखी काही मागत नाही.