लिंदाल्वाच्या मशीनची फुटपाथवरची परीक्षा

कांपिना ग्रांदेत, आमच्या झे पिन्येइरोच्या वस्तीत, लिंदाल्वाकडून कॉम्प्युटर घ्यायचा तर आधी अख्ख्या गल्लीने त्यावर खेळून पाहिलेलं असतं. शनिवारी सकाळी ती नवं जोडलेलं मशीन दारापुढच्या फुटपाथवर टेबलावर मांडते, आतून वायर ओढते, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याने बसावं, खेळावं, हरल्यावर शिव्या द्याव्यात. संध्याकाळच्या कॉफीपर्यंत मशीन एकदाही अडकलं नाही तर गिऱ्हाइकाच्या हवाली, अडकलं तर पुन्हा आत. ब्राझीलभरात असा नियम दुसऱ्या कुठल्या दुकानात असेल तर दाखवा मला.

लिंदाल्वा रेडिओवाल्याची मुलगी. बापाच्या शेजारी बसून डाख द्यायला शिकली, बापामागे टीव्ही दुरुस्त करत राहिली. मग ते चपटे टीव्ही आले. बिघडले की लोक सरळ नवे आणायला लागले आणि हिच्या दुकानात माश्या. दुसरी कोणी असती तर शटर ओढून घरी बसली असती. हिच्या कानावर आलं की मोठमोठ्या कंपन्या आपल्या सर्व्हरमधले जुने प्रोसेसर काढून टाकतात, चीनमध्ये ते मातीमोलाने मिळतात, आणि तिथले लोक ते नव्या बोर्डावर बसवून खोक्यातून आपल्याकडे धाडतात. हिने एक मागवला. महिनाभर वाट पाहिली, जोडला, आणि त्यावर गाड्यांचा खेळ असा पळाला की गल्ली बघतच राहिली. गिरणीत राबणाऱ्या कुठल्याही बापाला जे मशीन सात जन्मात परवडलं नसतं, ते अर्ध्याहून कमी पैशांत घरी आलं. आज आमच्या वस्तीत निम्म्या घरांत लिंदाल्वाचं मशीन आहे, आणि एकही परत आलेलं नाही. हे मी छाती फुगवूनच सांगणार.

बाजारपेठेत काचेच्या दाराचं एक दुकान आहे. मालक ग्लाउबेर. सुरुवातीला लिंदाल्वा तिथे एक पंखा घ्यायला गेली, तर चार गिऱ्हाइकांदेखत तो 'दोना', म्हणजे बाईसाहेब, लावून म्हणाला, "दोना लिंदाल्वा, भंगाराला कशाला नवा पंखा? लाजेल बिचारा." लोक हसले. ती पंखा न घेता बाहेर पडली आणि पुन्हा कधी त्या दुकानाची पायरी चढली नाही. पंखे, वायरी, सगळं रेसिफेहून मागवायची, दुप्पट वाट बघायची, पण पायरी चढायची नाही.

अशात जासियारा मशीन सांगायला आली. ही बेकरीत कणीक मळणारी पोरगी, वीस-एकवीसची, हात दगडासारखे आणि नेम त्याहून पक्का. दुसऱ्या वस्तीतल्या चुलतभावाच्या मशीनवर गोळीबाराचा खेळ खेळून खेळून तिने असं नाव काढलं की जुआंव पेसोआ शहरातल्या एका बायकांच्या संघाने तिला चाचणीला बोलावलं. चाचणी पुढच्या रविवारी, आपापल्या घरून, आपापल्या मशीनवर. संघात घेतलं तर पगार. बेकरीतून सुटायची तिची ही एकच वाट होती, आणि ती लिंदाल्वाच्या भरवशावर होती.

शनिवारी मशीन फुटपाथवर आलं. सेऊ बिऊ, म्हणजे बिऊराव, आमचे निवृत्त बस ड्रायव्हर, फुटबॉल खेळले, चार गोल खाल्ले आणि पंचाच्या नावाने खडे फोडले. शाळकरी पोरींनी ठोकळ्यांचं गाव बांधलं. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने खेळता खेळता मालिकाही लावली, गाणीही लावली. मशीनला काही म्हणजे काही झालं नाही. कॉफीचं आधण ठेवलं तेव्हा जासियारा आली, केसांत पीठ, आणि तिने आपला खेळ उघडला.

आम्हाला सगळं झकास दिसत होतं. "छान आहे, तिया," जासियाराही म्हणाली; वस्तीतली पोरं तिला तिया, म्हणजे मावशीच, म्हणतात. पण लिंदाल्वा पडद्याकडे बघतच नव्हती, तिच्या हाताकडे बघत होती. हात वळायचा आणि चित्र किंचित मागून यायचं. पोरगी खेळात तीनदा मेली, तिन्ही वेळा समोरच्याला आधी बघूनही. लिंदाल्वाने तिला थांबवलं, मशीनच्या पोटातलं काम दाखवणारी खिडकी उघडली, आणि बोट ठेवलं: कामाच्या इतक्या रांगांत एकच काठोकाठ भरलेली, बाकीच्या रिकाम्या.

इतकी वर्षं आम्ही परीक्षा घेत होतो, पण आमच्याच आवडीच्या विषयात. हा खेळ गल्लीत कोणीच खेळत नव्हतं.

"अगं, चालतंय की," सेऊ बिऊ हळूच म्हणाले. "पोरगी तरी कुठे तक्रार करतेय? देऊन टाक."

लिंदाल्वा मोठ्यानेच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जासियारा, हे मशीन तुझ्या कामाचं नाही. यात माणसं पुष्कळ आहेत, पण सगळी म्हातारी. दहा कामं सांग, दहाजण उचलतील. तुझ्या खेळाला पळणारा एकच लागतो, पण तो तरणा लागतो."

"म्हातारी कोणाला म्हणतेस?" सेऊ बिऊ.

"तुम्हालाच. गप्प बसा."

"मग आम्हाला विकलीस ती?" शिंपिणीने विचारलं.

"तुमच्या कामाला पुरतात. तरी कोणाचं अडत असेल तर आणा, मी बघते."

जासियाराचा चेहरा उतरला होता. "एक आठवडा राहिला, तिया. नवं मला झेपणार नाही."

"सगळं नवं कशाला? खोकं हेच, चित्राचं कार्ड हेच. प्रोसेसर आणि बोर्ड तेवढं बदलू." एवढं बोलून ती थांबली. रेसिफेहून माल यायला दहा दिवस. गावात तो एकाच ठिकाणी मिळत होता, आणि ते ठिकाण आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी ती काचेचं दार ढकलून आत गेली. सोबत मी होतो, म्हणून सांगतो. ग्लाउबेरने दोन्ही हात पसरले. "या, या! संपलं वाटतं भंगार?"

"भंगार भरपूर आहे, सेऊ ग्लाउबेर. त्यावर माझं घर चालतं. आज एका पोरीसाठी तुमच्याकडचं नवं हवंय. सगळ्यात लहान दाखवा."

"खेळायला ना? मग हे मोठं न्या."

"मोठं नको. तिच्या खेळाला लागतं तेवढंच."

ग्लाउबेर स्वतः स्टुलावर चढून लहान खोकं काढायला लागला. लिंदाल्वाने ते पिशवीत घातलं नाही. भर बाजारातून, त्याच्या दुकानाचं नाव दिसत असताना, हातात धरून चालत आली. माझी मान लाजेने खाली जाईल असं वाटलं होतं, ती उलट ताठ झाली.

मशीन पुन्हा फुटपाथवर मांडलं. या वेळी फक्त जासियारा खेळली, आणि सेऊ बिऊंसकट गल्ली हाताची घडी घालून उभी राहिली. रविवारी चाचणी झाली. घेतलं तिला. बेकरीच्या मालकाने रडवेला होऊन सगळ्यांना पाव वाटले.

आता खरी भीती पुढच्या शनिवारची होती. आपल्या मालात काय कमी आहे ते लिंदाल्वाने स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगितलं होतं, आणि अशी गोष्ट वस्तीत थोडीच राहते? सकाळी तिने मशीन मांडलं, वायर ओढली, आणि उगाचच टेबल पुसत राहिली. कोणीच फिरकेना. शेवटी शेजारच्या केइमादास गावाहून एक माणूस मोटरसायकलवर आला. लग्नांच्या फिल्मा करणारा. मशीनकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"गिऱ्हाइकाला 'घेऊ नको' म्हणणाऱ्या तुम्हीच का?"

"मीच," लिंदाल्वा म्हणाली.

"म्हणून तर बाजार सोडून इथे आलो. सांगा, मी घेऊ की नको?"

लिंदाल्वाने फडकं खाली ठेवलं. ती बापाच्या दुकानात बसायला लागली तेव्हापासून मी तिला बघतोय, पण इतकी ऐटीत उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. तिने स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "आधी सांगा, त्यावर करणार काय काय?"