निळ्या रंगाखाली

वाकडी फ्रेम सुतासारखी सरळ करावी ती सायकल मिस्त्रीनेच, अशी त्याची ख्याती होती.

एका सकाळी शेजारच्या वहिनींनी लेकीची अपघातात चेपलेली सायकल आणली. तिची फ्रेम गेल्या वर्षी त्यानेच सरळ करून निळी रंगवली होती.

"हात मोडून घेतला, आणि वर सांगते, हँडल आपोआप वळलं. भूत लागलं होतं काय हँडलला? बापाने चांगलंच फैलावर घेतलं तिला. भाऊजी, दुरुस्त होईल की नवीनच घेऊ?"

मिस्त्रीने हँडलजवळच्या नळीचा रंग खरवडला. खाली तडा होता आणि तड्याच्या आत गंज. अपघात परवाचा, गंज मात्र कित्येक महिन्यांचा. म्हणजे नळी आधी तुटत आली होती आणि पोरगी नंतर पडली.

पुन्हा वेल्डिंग करून रंग दिला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"नवीन घ्या, वहिनी. पोर खरं बोलतेय. सरळ करताना तडा गेला, तो मी पाहिलाच नाही."

"हे तिच्या बापासमोर येऊन सांगा."

तो गेला आणि सांगून आला.

तेव्हापासून रस्त्यात उभी सायकल दिसली की मिस्त्री वाकून नळीवरून नख फिरवतो. आजवर किती फ्रेम सरळ करून दिल्या, हे त्याला आठवत नाही.