दारातल्या चपला

कोयनेच्या खोऱ्यात मैत्रिणीच्या माहेरी गेले होते. दारात चपला काढून आत आले, मागे वळून पाहते तर तिची आई, सुमनकाकू, वाकून त्या भिंतीकडेला सरकवत होत्या. मला कसंतरीच झालं. "अहो काकू, राहू द्या की!"

"असू दे गं," म्हणत त्या चहा ठेवायला गेल्या.

चहा गाळताना जमीन थरथरली. खुंटीवरचे चमचे किणकिणले. मी ताडकन उठले. काकूंनी कपावर तळहात ठेवला, क्षणभर कानोसा घेतला. "बस. बारका हाय. मोठा येताना आधी खालनं गुरगुरतंय."

मग कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "त्या मोठ्या भूकंपात सासूबाई दारातच गेल्या. पळताना चपलांच्या ढिगात पाय गुतला."

भूकंपांचा इतिहास मी पुस्तकांत वाचला होता, तारखा आणि तीव्रतेच्या आकड्यांसकट. या घरात तो वागण्यात उतरला आहे. जड भांडी जमिनीलगत, देवाची तसबीर वरखाली खिळ्यांनी पक्की आणि उंबरा सदा मोकळा. भीती वर्षानुवर्षं नीट सांभाळली की तिची शिस्त होते, आणि ती शिस्त अंगात मुरलेलं माणूस हलत्या जमिनीवरही चहा सांडू देत नाही.

नागपुरात माझ्या घराखालची जमीन कधी हललेली मला आठवत नाही. तरी आता कुणी आलं की मी वाकून त्यांच्या चपला कडेला लावते.

पाहुण्यांना वाटतं, बाई फार टापटिपीची आहे.