गट क्रमांक सात

मीटरकाका आयुष्यात फक्त झोपेसाठी डोळे मिटतात, आणि तेही बऱ्याच विचारानंतर. एकतीस वर्षं त्यांनी घरोघरचे वीजमीटर तपासले. एखाद्या घरातला वापर अचानक घटला, की काका बॅटरी घेऊन जिन्याखाली हजर. लोक चहा देत, काका तो पीत आणि पिता पिता वायरी न्याहाळत. निवृत्तीनंतर मीटर सुटले, नजर सुटली नाही. दुधाची पिशवी ते अजून घरी आणून मापतात. बैठकीच्या खोलीत दोन घड्याळं आहेत. दुसरं पहिल्यावर लक्ष ठेवायला.

असा माणूस रक्तदाबाची गोळी सरकारी सवलतीच्या औषधदुकानातून घेतो, याचं गल्लीला नवल वाटे. पण गोळी रोज एक आणि जन्मभराची. बाहेरून घेणं जमण्यासारखं नव्हतं. एका वेळी तीस गोळ्या, पुस्तिकेत शिक्का, आणि खिडकीआड चष्म्यावरून बघणाऱ्या औषधवाल्या बाई. दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या काकांच्या थोरल्या बहिणीची, ताईंचीही हीच गोळी आणि हीच खिडकी.

एका सकाळी बाईंनी काकांच्या पुस्तिकेवर हिरवी पट्टी चिकटवली. गट क्रमांक सात.

"हे काय?"

"गट."

"ते वाचता येतं मला. कसला गट?"

"विभागातला औषधपुरवठा सुधारायचाय म्हणे. म्हणून घेणाऱ्यांचे गट पाडलेत. वरून यादी आलीय, मी नुसती चिकटवतेय."

"पण कशावरून पाडले?"

"काका, तुमच्यामागे अकरा माणसं उभी आहेत."

उत्तर टाळलं गेलं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. काकांनी घरी येऊन पट्टी उन्हात धरून पाहिली.

"डोकं खाणाऱ्यांचा गट असेल," काकू भाजी निवडत म्हणाल्या.

"चेष्टा नको. ताईची पुस्तिका बघून आलो. तिचा गट दोन. आईबाप एक, डॉक्टर एक, गोळी एक, मग गट दोन कसे?"

"त्या शहाण्या आहेत म्हणून असेल."

काकांचा तर्क वेगळा होता. सात हा शेवटचा गट. म्हणजे ज्यांच्यावर आता आणखी औषध खर्च करण्यात अर्थ नाही, असे लोक. त्या रात्री त्यांनी चारदा नाडी पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानाच्या बाकावर तपासाला बसले. कोपऱ्यावरचा शिंपी गट सातमध्ये निघाला, पण त्याला साखरेचा विकार, आणि वय जेमतेम पंचेचाळीस. निवृत्त हेडमास्तरीणबाईही सातमध्येच, पण त्यांची थायरॉइडची गोळी.

"तुम्हाला जिना चढताना धाप लागते का हो?" काकांनी हळूच विचारलं.

"प्रश्न मी विचारते," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही सरळ बसा."

काका सरळ बसले. रोग जुळत नव्हता, वय जुळत नव्हतं, गल्लीही जुळत नव्हती.

तेवढ्यात तपासाला वेगळंच वळण लागलं. पंचवीस तारखेला ताई खिडकीवर गेल्या, तर गोळ्या संपलेल्या, आठवड्याने या. पाच दिवस गोळीविना गेले आणि सहाव्या सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन त्यांचं कपाळ नळावर आपटलं. तीन टाके पडले. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असा खंड पडला तर निभेलच असं नाही.

आता मात्र काकांचं स्वतःच्या गटावरून लक्ष उडालं. बाई गोळ्या मागच्या दाराने विकतायत, याबद्दल त्यांची खात्रीच पटली. दोन दुपारी ते मागच्या बोळात उलट्या बादलीवर दबा धरून बसले. पहिल्या दुपारी दारातून कोणीच आलं नाही. दुसऱ्या दुपारी बाई स्वतः बाहेर आल्या, काकांना पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाल्या, "ऊन फार आहे. शुक्रवारी विभागाच्या मॅडम येणारेत, हरकती ऐकायला. तेव्हा खुर्चीही मिळेल."

शुक्रवारी काका दोन्ही पुस्तिका आणि ताई यांना घेऊन हजर झाले. मॅडम म्हणजे तिशीतली मुलगी, समोर लॅपटॉप. काकांनी मागच्या दारापासून सुरुवात केली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"गट रोगावरून नाहीत, काका. औषध न्यायच्या सवयीवरून आहेत. वीस दिवस झाले की पुढची पाकिटं नेता येतात. तुम्ही तीस गोळ्या नेता आणि बाविसाव्या दिवशी परत येता. दोन वर्षांत एकदाही चुकला नाहीत. सात म्हणजे संपायच्या आत नेणारे. या दुकानात एकशे बारा आहेत. दोन म्हणजे शेवटची गोळी घेऊन मग येणारे."

काका पडद्यावरच्या आलेखातल्या रेघेकडे पाहत राहिले. असल्या रेघा बघून त्यांनी किती जिने गाठले होते. ही रेघ त्यांची होती आणि ती लबाड दिसत होती.

"दुकानात माल संपतो, म्हणून आम्ही आधी नेतो," ते म्हणाले.

"आणि तुम्ही आधी नेता, म्हणून पंचवीस तारखेलाच संपतो."

"म्हणजे तुझ्याकडे गोळ्या आहेत?" ताईंनी विचारलं. त्यांच्या कपाळावरची पट्टी अजून निघाली नव्हती.

काकांनी आपली पुस्तिका मिटली.

"दोनशे चौसष्ट असायला हव्यात," मॅडम म्हणाल्या.

"दोनशे साठ," काका पुटपुटले. "चार मोरीत पडल्या."

मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. घरचा साठा संपेपर्यंत गोळ्या घेणार नाही, असं लिहून द्यायचं. तेवढा माल गट दोनसाठी राखून ठेवला जाईल. काकांनी कागद उलटापालटा केला. एकदा नाव वगळलं, की ते पुन्हा यादीत येईलच याची हमी काय? त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"सही नको करूस," ताई उठत म्हणाल्या. "मी जाते. चालवून घेईन."

काकांनी सही केली. मग तारीख घातली, वेळ घातली, बाईंना साक्षीदार केलं आणि शिक्क्यासह प्रत मागितली. प्रत देण्याची पद्धत नव्हती. ती मिळेपर्यंत काका खुर्चीतून हलले नाहीत.

घरी ताईंनी स्वतः उभं राहून कपाट उघडायला लावलं. "तुझ्या मोजण्यावर माझा भरवसा नाही," म्हणत दोन महिन्यांची पाकिटं पिशवीत टाकली.

तरी दर पंचवीस तारखेला काका ताईंबरोबर खिडकीवर जातात, आपली पुस्तिका न घेता. पहिल्याच खेपेला बाई म्हणाल्या, "ताईंच्या गोळ्या बाजूला काढून ठेवल्यात."

"कुठे? दाखवा."

बाईंनी दाखवल्या. काकांनी काचेतून तीन पाकिटं बोटाने मोजली, तारीख वाचली आणि मागे वळून पाहिलं. गट सातचा शिंपी रांगेत उभा होता.

"आज किती तारीख झाली रे?" काकांनी विचारलं. "मागच्या वेळी कधी आला होतास तू?"