अण्णाचा कोरमंगलातला मजला

वडील गेले, जयनगरचं घर विकलं आणि अण्णाच्या डोक्यात कोरमंगलातला मजला शिरला. अण्णा माझा थोरला भाऊ. एका व्यापारी इमारतीतलं कुणाचं तरी ऑफिस रिकामं झालं होतं. ते विकत घ्यायचं, पार्टिशनं घालून खोल्या करायच्या आणि दोन-चार दिवसांसाठी शहरात येणाऱ्यांना मोबाइलवरून भाड्यानं द्यायच्या. माझा वाटाही त्यातच घालायचा, हे त्यानं आईला परस्पर सांगून टाकलं होतं.

मी एवढंच म्हटलं, "अण्णा, तिथे माणसं राहायला ठेवता येतात का, ते आधी विचारू या."

"कमर्शियल जागा आहे गं. कमर्शियलमध्ये सगळं चालतं."

तो जाईना, म्हणून मीच नगर नियोजनाच्या कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी नकाशावर ती गल्ली शोधून काढली. "दुकान काढा, ऑफिस काढा," त्या म्हणाल्या. "पण मुक्कामाच्या खोल्या म्हणजे लॉज झालं. त्याला वेगळी परवानगी लागते, आणि एवढ्या अरुंद रस्त्यावर ती मिळत नाही." मी फक्त गल्ली सांगितली होती. इमारतीचं नाव काढलं नव्हतं, अण्णाचं तर नाहीच.

संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो चहा पीत ऐकत होता. मग आईकडे बघून हसला. "त्या रस्त्यावर किती जण हेच करतायत, बघून ये म्हणावं हिला."

आई म्हणाली, "तो काय वाईट करतोय का? स्वल्प धीर धरावा माणसानं."

मी माझा वाटा दिला नाही. अण्णानं कर्ज काढून मजला घेतला. पडद्यांचा रंग निवडायला वहिनी मला घेऊन गेली नाही, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी बाहेर पडले आहे.

सुरुवातीला खोल्या भरलेल्या असत. मग पाहुण्यांच्या पार्ट्या सुरू झाल्या, गाड्या शेजारच्या फाटकांसमोर लागू लागल्या, आणि मागच्या घरांतल्या लोकांनी तक्रार केली. महापालिकेची माणसं आली, कागद मागितले आणि मजल्याला सील ठोकून गेली.

अण्णाचा फोन आला. मला वाटलं, आता म्हणेल, तुझं ऐकायला हवं होतं.

"तूच सांगितलंस ना त्यांना?"

"मी? मी कशाला सांगू?"

"मग त्या ऑफिसात कशाला गेली होतीस? त्यांना काय स्वप्न पडलं?"

मी आईला फोन द्यायला सांगितला. तिलाही मागच्या घरांची तक्रार माहीत होती, अण्णानंच तिला सांगितलेली. तरी ती म्हणाली, "तू गेलीच नसतीस तर बरं झालं असतं."

पुढे सील निघालं. पार्टिशनं पाडली, आणि आता तिथे एका हिशेबनिसाचं ऑफिस आहे. भाडं बेताचं येतं, पण नियमित येतं. त्या वर्षी गौरींना मला बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. आई माझ्याशी बोलते, पण अण्णा घरी नसेल तेव्हाच.

परवा आमच्या समाजातल्या एका लग्नात तो भेटला. कुणाला तरी जागा घ्यायची होती. अण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिला मात्र सांगू नका हं." सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी पान वाढायच्या आधीच निघाले.