श्री. देखभाल यांची निवृत्ती

वाचनालयाच्या कचेरीत त्यांना सगळे लॉगताई म्हणत, कारण डेटाबेसच्या देखभालीचा लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, त्या वर्तमानपत्रासारखा वाचत, छोट्या जाहिरातीही न सोडणाऱ्या वाचकाच्या भक्तीनं. बावीस वर्षं दर शनिवारी दुपारी बाराला देखभाल आपोआप सुरू होई, जुन्या नोंदी आवरी, ग्रंथयादी लावून ठेवी आणि शेवटी 'काम पूर्ण' अशी ओळ उमटे. ती दिसली की ताईंचा आठवडा संपे.

गेले तीन शनिवार मात्र एकच रड: 'डिरेक्टरी सर्व्हरने जोडणी नाकारली.' हा सर्व्हर म्हणजे कचेरीचा दारवान. आपला कोण, उपरा कोण, हे त्यानं सांगितल्याशिवाय डेटाबेस कुणाला हात लावू देत नाही. आता यादी इतकी मंदावली होती, की पुस्तक सापडेपर्यंत वाचकाची वाचायची इच्छाच मरे.

"आज चौथ्यांदा अडलं," साहेब म्हणाले, "तर हे काम बाहेरच्या कंपनीला. आणि तुम्ही बांधणी विभागात, पुस्तकांना खळ लावायला."

ताईंनी कंबर कसली. केबल काढून घातली, पत्ता ताडून पाहिला. सगळं ठणठणीत. शेवटी त्यांनी दारवानाचीच वही, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा लॉग, उघडली. तिथे लिहिलं होतं: 'श्री. देखभाल, वयोमर्यादेमुळे सेवानिवृत्त.'

बावीस वर्षांपूर्वी देखभालीसाठी खातं उघडताना फॉर्मनं जन्मतारीख मागितली होती. ताईंनी घाईघाईत नवऱ्याची ठोकून दिली होती. नवऱ्याला साठ पूर्ण झाली, हे त्यांना असं लॉगमधून कळलं.

त्या धावतच आस्थापनेतल्या नानांकडे गेल्या; दारवानाकडची नावांची यादी त्यांच्याच शिक्क्यानं बदले. "नाना, याला बाराच्या आत कामावर घ्या!"

"त्याचं नाव काढू नका," नाना फुरंगटले. "निरोपाला आम्ही फुलं घेऊन तासभर उभे. हा आलाच नाही."

"अहो, त्याला पाय नाहीत!"

नानांचा चेहरा पडला. "अरेरे! आणि बावीस वर्षांत एक रजा नाही."

"नाना, तो माणूस नाही हो!"

"देवमाणूसच म्हणायचा, ताई."

ताईंना हसू आवरेना. निवृत्ताला परत घ्यायचं तर समिती बसणार. नव्या माणसाला फक्त फॉर्म. त्यांनी फॉर्म ओढला. नाव, देखभाल (धाकटे). वय, आजच अठरा पूर्ण. म्हणजे बेचाळीस वर्षं घोर नाही.

"प्रकृती?" नानांनी विचारलं.

"गार खोलीत उत्तम."

"लग्न?"

"एवढ्यात नको म्हणतो."

नानांनी शिक्का हाणला. बाराला देखभाल सुरू झाली, आणि चाळीस मिनिटांत 'काम पूर्ण'. ताईंनी चाकाच्या खुर्चीत दोन गिरक्या घेतल्या. तिसरीला साहेब समोर, हातात लॉगचा कागद.

"हे धाकटे कोण? तुम्हाला तीन आठवडे जमलं नाही, ते पोरानं पहिल्याच दिवशी केलं!"

"होतकरू आहे, साहेब."

"बाहेरची कंपनी राहू दे मग. पण वय कोवळं आहे, बिघडायला वेळ लागत नाही. तुम्ही इथेच बसून त्याच्यावर नजर ठेवा."

"ठेवते, साहेब," म्हणताना ताईंचा आवाज कापला, डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं, गहिवर असावा.