सेन्सरवाला विलास, बिनसेन्सरचा नितीन

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साचतात. भंगार आणि किस्से. भंगारवाला निदान महिन्यातून एकदा हातगाडी घेऊन येतो, वजन करतो, घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही. म्हणून ते माझ्याकडेच पडून आहेत.

आमचं गॅरेज वरसाव्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. ह्यांनी सुरू केलं. हे गेल्यावर दोन्ही मुलांनी चालवलं. थोरला विलास, धाकटा नितीन. मी रोज दुपारी भाईंदरहून डबा घेऊन जायची. एकच डबा, दोघांत. तेव्हा बरं चाललं होतं. मग उत्तनचा पीटर आला.

पीटरची दोन होड्यांची मासळी. त्याची बायको ती ठाण्याच्या बाजारात विकायची. त्याच्या बापाची जुनी मोटार होती, तिचं इंजिन पार गेलेलं. गाडी टाकवत नव्हती, म्हणून त्यानं भंगार बाजारातून जपानी इंजिन उचललं आणि टेम्पोत घालून आणलं. इंजिनाला वायरी इतक्या, की मला वाटलं शेवयाच वाळत घातल्यात!

पीटर म्हणाला, "आये, मना बाकी काय नको. मावऱ्याची पाटी डिकीत टाकून गाडी गायमुखचा घाट चढली पायजे. बस."

एवढंच मागणं होतं हो माणसाचं.

*

त्या इंजिनाबरोबर एक नळकांडं आलं होतं. विलास म्हणाला, हा हवा मोजायचा सेन्सर. इंजिन किती हवा ओढतंय ते हा मोजणार, कॉम्प्युटरचा डबा त्या हिशोबानं पेट्रोल सोडणार.

नितीन म्हणाला, "फेकून दे तो. जुना झालाय, जागाही नाय बॉनेटमध्ये. मी दुसरा डबा लावतो. आतल्या दाबावरून हवेचा अंदाज घ्यायचा आणि लॅपटॉपवर पेट्रोल सेट करायचं. झालं!"

"अंदाजानं इंजिन चालतं का?"

"आईचा भात चालतो ना! आई, तू पाणी मोजतेस?"

मी आपलं खरं ते सांगितलं. बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी घालते, माप कधी लावलं नाही. नितीननं टाळीच वाजवली.

विलास शांतपणे म्हणाला, "तिचं पातेलं तेच, तांदूळ तेच, शेगडी तीच. चाळीस वर्षं. ह्या गाडीत तू रोज पातेलं बदलणार. मग?"

मलाही ते पटलं. तीच माझी चूक. दोघांचंही पटलं की आईचा उपयोग संपतो.

त्या दुपारी जेवता जेवता पैज लागली. ज्याच्या पद्धतीनं गाडी घाट चढेल, गॅरेज त्याचं. दुसऱ्यानं आपला पाना-पकड उचलून चालू लागायचं. दोघं हसतच बोलले, पण डबा अर्धा तसाच राहिला. म्हणजे गाडी चालली की माझा एक मुलगा जाणार. अशी गाडी कोणत्या आईनं नीट होऊ द्यावी, सांगा!

*

पहिली पाळी विलासची, सेन्सरवाली. गाडी पळताना छान चालायची आणि सिग्नलला उभी राहिली की मान टाकायची. सेन्सर तपासला, वायरी तपासल्या, प्लग बदलले. तीन आठवडे गेले.

एका गुरुवारी मी शेडमधल्या देवाच्या फोटोला उदबत्ती ओवाळली आणि तशीच गाडीलाही ओवाळायला गेले. इंजिन चालू होतं. विलास ओरडला, "आई, पेट्रोल!" आणि ओरडता ओरडता वाकून बघायला लागला. उदबत्तीचा धूर वर जायचा सोडून आडवा वळला आणि सेन्सरच्या मागच्या रबरी पाइपात गपकन शिरला!

पाइपाला खालच्या बाजूनं चीर होती. सेन्सरनं न मोजलेली हवा तिथून आत जात होती.

विलासनं माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. तेवढ्यात मागून नितीन म्हणाला, "माझ्या पद्धतीत पाइप फाटला असता तरी दाबावरून कळलं असतं. उदबत्ती लागली नसती."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

*

बंद म्हणजे कसं? चार फुटांवर पाठीला पाठ लावून काम करायचे आणि मध्ये मला उभं करायचे.

"आई, त्याला सांग, दहाचा पाना दे."

"आई, त्याला विचार, कालचा कुठे ठेवला."

"आई, त्याला सांग, माझ्याकडे नाय."

अशा निरोपांच्या आठवडाभरात मला सगळे पाने ओळखता यायला लागले. शाळेचं तोंड पाहिलं नाही मी, पण दहाचा कुठला नि बाराचा कुठला, अंधारात सांगेन. पीटरनं हे पाहिलं आणि म्हणाला, "आये, तूच का न्हाय गाडी बनवीत?"

*

आता माझं पाप सांगते. नवा पाइप टाकायला विलासनं सेन्सर उतरवून ओट्यावर ठेवला होता. मी आत डोकावले तर नळकांड्यात केसासारखी तार, आणि तिच्यावर काळा मळ साचलेला. आमच्या रॉकेलच्या स्टोव्हला अशीच काजळी धरते. माझ्या पिशवीत स्टोव्हची पिन होतीच. म्हटलं, पोरगा इतका राबतोय, आपण एवढं तरी करू. फुंकर मारली, पिन घातली, नीट कोरलं.

तार तुटली.

विलास आला. त्यानं सेन्सर उजेडात धरला. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या पिनेकडे. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आई, तू चहा घेतलास का?"

पलीकडे नितीननं सगळ्यांना सामोसे मागवले! मी त्यातला एकही तोंडात घातला नाही. तसा सेन्सर मुंबईत कुठे मिळेना. पीटर म्हणाला, मेव्हणा दुबईला आहे, त्याच्याकडून मागवतो. तोवर पाळी नितीनची.

*

बिनसेन्सरचं काम रस्त्यावर चालायचं. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं शेजारी बसून लॅपटॉपवर आकडे बदलायचे. चालवायला हात हवा विलासचा आणि बोलणं तर बंद! म्हणून मागच्या सीटवर मी.

"आई, त्याला सांग, तिसऱ्या गिअरात तीन हजारावर धर."

"विलास, तिसऱ्यात तीन हजारावर धर रे!"

"आई, त्याला सांग, धरलंय."

चेणे गावाच्या पुढे हवालदारानं गाडी अडवली. बघतो तर एक चालवतोय, एक टाइप करतोय आणि मागे म्हातारी आकडे ओरडतेय. "काय चाललंय हे?"

मी म्हटलं, "साहेब, इंजिन शिकतंय."

तो विलासला म्हणाला, "शिकाऊ आहे तर पाटी कुठाय?"

पंधरा दिवसांत गाडी दुपारच्या उन्हात अशी पळायला लागली की काय सांगू! नितीननं पीटरला बोलावलं. पीटर आला पहाटे पाचला. गाडी रात्रभर गारठलेली. चावी फिरवली, खोकली. परत फिरवली, खोकली. नितीन म्हणाला, "दुपारी या ना, दुपारी एकदम मस्त चालते."

पीटर म्हणाला, "मावरा दुपारला न्हाय ना बाजारात जात."

*

मग दुबईहून सेन्सर आला. विलासनं बसवला, पण नितीननं आपल्या वायरी काढू दिल्या नाहीत. एका बॉनेटात दोन डबे, दोन बाजूंनी वायरी. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात, इथे तर म्यानही पीटरचं!

तशीच गाडी घाटावर नेली. मागे मी. गायमुखच्या चढावर, बरोबर अर्ध्यात, गाडीनं आचका दिला आणि बंद पडली.

"आई, त्याला सांग, त्याच्या डब्यामुळे झालं."

"आई, त्याला सांग, त्याच्या सेन्सरमुळे."

मी म्हटलं, "तुमचं तुम्ही सांगा. मी नाही सांगत."

विलास उतरला, ठाण्याकडच्या बसला हात दाखवून चढला. नितीन उतरला, उलट्या दिशेच्या रिक्षात बसला. विलासला वाटलं, आईला नितीन आणील. नितीनला वाटलं, विलास आणील. मी गाडीतच. ट्रक जवळून गेला की गाडी हलायची. पाण्याची बाटलीसुद्धा विलासच्या पिशवीत गेलेली. तीन तासांनी पीटरला कळलं, त्यानं टेम्पो आणून गाडी ओढून नेली, मी आतच बसून होते.  

*

आठवड्याभरात पत्रेवाला आला. शेडच्या मधोमध भिंत घालायची. पैजेचा निकाल लागलाच नव्हता, म्हणून गॅरेज अर्धं अर्धं. मधोमध पीटरची गाडी उभी. पत्रेवाला म्हणाला, गाडी जरा ढकलून घ्या.

विलास हात लावेना. हात लावला तर काम गळ्यात पडणार. नितीनही लावेना. पत्रेवाल्यानं वाट पाहिली, तंबाखू मळली, खाल्ली. मग त्यानं रस्त्याकडून मागच्या बंपरपर्यंत पत्रा लावला, आणि पुढच्या बंपरपासून भिंतीपर्यंत. मध्ये गाडीच भिंत! डावी दारं विलासकडे, उजवी नितीनकडे.

दुपारी मी डबा घेऊन गेले. विलासचं ताट वाढलं. मग डावीकडच्या दारानं गाडीत शिरले, सीटवरून सरकत सरकत उजव्या दाराशी आले, खिडकीतून नितीनचं ताट दिलं. पाठीत कळ आली म्हणून तिथेच सीटवर टेकले.

तेवढ्यात पीटर आला. पत्र्याच्या कडेशी उभा राहिला. इकडून वाकून पाहिलं, तिकडून वाकून पाहिलं. सीटवर मी दिसले त्याला, पण त्यानं मला काही विचारलं नाही. मोठ्यानं म्हणाला, "अरे पोरांनो, गाडी कोनाकडं हाय?"

पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी एकदमच आवाज आला.

"त्याच्याकडे!"